भिंतीपासून साडेतीन मीटर

मीटरबाईंनी कुणाच्या दारावर टकटक केली की आतून ठरलेलं उत्तर येतं, "मीटर खाली आहे, जिन्याजवळ!" त्यांनाही आता त्याची सवय झाली आहे. त्या शांतपणे सांगतात, "विजेचा नाही हो. मी आवाज मोजायला आलेय." मग दार उघडतं. दारातला माणूस आधी बाईंकडे बघतो, मग त्यांच्या खांद्यावरच्या काळ्या पेटीकडे, आणि विचारतो, "कुणाचा आवाज?" एका आजोबांनी तर स्वयंपाकघराकडे बोट दाखवून हळूच म्हटलं होतं, "बरं झालं आलात. सकाळी सहाला सुरू होतो." आजींनी ते आतून ऐकलं. त्या दिवशीच्या मोजणीतली पुढची दहा मिनिटं बाद करावी लागली.

ही बाद केलेली मिनिटं म्हणजे मीटरबाईंचा खास विषय. खात्याच्या छापील अर्जात बाकीचे रकाने ऐसपैस आणि शेऱ्याचा रकाना तेवढा चिंचोळा. छापणाऱ्याला वाटलं असणार, त्यात एवढं काय लिहायचं असतं! पण मीटर नुसता आकडा सांगतो. तो आकडा ट्रकचा, कुत्र्याचा की समोरच्या घरात पडलेल्या पातेल्याचा, हे त्याला कळत नाही. ते सांगायला माणूस लागतो. म्हणून मीटरबाई मीटरपासून चार पावलं लांब, श्वाससुद्धा बेतानं घेत उभ्या राहतात आणि बारीक अक्षरात मिनिटामिनिटाचा हिशेब लिहितात. "कुत्रा भुंकला, एक मिनिट बाद." "शेजारी भांडण, मजकूर ऐकला नाही, तीन मिनिटं बाद." आणि दरसाल थंडीत निदान दहा-बारा वेळा, "मोजणाऱ्याला शिंक. एक मिनिट बाद."

त्यावरून साहेब त्यांची फार चेष्टा करत. "बाई, तुमची शिंक कोण तपासायला येणार आहे?"

"कुणीच नाही, साहेब. म्हणून तर लिहायची."

साहेब म्हणजे वाहतूक खात्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतले अधिकारी. त्या खोलीत एक साहेब, एक मीटरबाई आणि एक मीटर एवढाच संसार. मीटरबाई तिथे बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून आल्या. तेव्हा ही काळी पेटी कपाटावर पडून होती आणि लोक तिच्यावर चहाचे कप ठेवत. आठ महिने कुणी ती उघडली नव्हती. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी कप उचलले, पेटी पुसली, आतली माहितीपुस्तिका काढली आणि वाचायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, बढतीचं आमिष नव्हतं. एवढी चांगली वस्तू नुसती पडून आहे हेच त्यांना सहन झालं नाही. महिन्याभरात त्या मीटर चालवू लागल्या, आणि ज्यांना ते चालवता यायला हवं होतं त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेव्हापासून त्यांची सकाळ एका आकड्याने सुरू होते. थर्मासच्या झाकणाएवढी एक डबी आहे. ती मीटरच्या माइकवर बसवून बटण दाबलं की आत एकसारखा "टूं" असा सूर वाजतो. तो सूर नेमका चौऱ्याण्णव डेसिबलचा. मीटरने चौऱ्याण्णव दाखवले तर मीटर शुद्धीवर आहे, नाहीतर त्या दिवशी मोजणी नाही. बाई रोज सकाळी खिडकीपाशी डबी लावतात, आकडा बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "चौऱ्याण्णव." साहेब आपल्या टेबलावरून न बघता म्हणतात, "नमस्कार."

इतक्या वर्षांत त्यांचे कानच मीटर झाले होते. रस्त्यावरून बस गेली की साहेब विचारायचे, "किती?" बाई म्हणायच्या, "ब्याऐंशी." मीटर एक्क्याऐंशी पूर्णांक आठ दाखवायचा आणि साहेब तोंडात बोटं घालायचे. पण त्यांचा खरा मोठेपणा अचूक कानात नव्हता. आवाज मोजून घरी जाणारे पुष्कळ असतात. या बाई तो कुठून निघतो ते बघून येत. एका घरासमोरच्या थांब्यावर बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहत आणि त्या घरातलं तान्हं बाळ दुपारचं झोपत नसे. बाईंनी थांबा तिथून वीस पावलं पुढे, गोदामाच्या मागच्या भिंतीसमोर हलवायला लावला. ते बाळ आता कॉलेजात जातं आणि त्याला यातलं काहीही माहीत नाही.

घरात मात्र या कानांचं कौतुक नव्हतं. नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. तो म्हणायचा, "साऱ्या जगाचे आवाज मोजतेस, पण मी मारलेली हाक तेवढी हिला ऐकू येत नाही." आणि घरात तिसरं माणूस म्हणजे ताई, नवऱ्याची थोरली बहीण, बाईंची नणंद. लग्न केलं नाही, शाळेशीच संसार केला. पुलाशेजारच्या प्राथमिक शाळेत त्या चोवीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या. भावजयीचं काम त्यांना कधी पटलं नव्हतं. "माणसं काही ना काही बनवतात, विकतात, शिकवतात. ही मोजते!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेही मीटरबाईंच्या देखत. ताईंचा आवाज खणखणीत. शाळेची घंटा बिघडली तेव्हा दोन आठवडे त्यांनीच सुटी झाल्याचं जाहीर केलं होतं आणि एकाही मुलाची सुटी चुकली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी शाळेला लागून पूल झाला आणि शहराबाहेर जाणारे सगळे ट्रक त्यावरून जाऊ लागले. ताईंनी हार मानली नाही. ट्रक मोठा तर आपण त्याहून मोठ्याने, हा त्यांचा बाणा. पाच वर्षं त्या पुलाशी भांडल्या. सहाव्या वर्षी घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत बघितलं तर स्वरयंत्रावर दोन बारीक गाठी. "घरी एक शब्दही बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि वर्गात अर्ध्या आवाजात. वर्षअखेर फरक पडला नाही, तर वर्ग सोडावा लागेल. कार्यालयात बसून काम करा." हे ऐकून ताई घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. वर्गाशिवायच्या ताई कुणी पाहिल्याच नव्हत्या, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

त्या दिवसापासून घरात चिठ्ठ्यांचं राज्य आलं. ताईंच्या हाताशी कागदांचा गठ्ठा असे. "मीठ कमी." "पंखा बंद करा." "दुकानातून येताना पेन्सिली." तोंडाने बोलत तेव्हा ताईंचा एवढा धाक वाटला नव्हता, तेवढा त्या चिठ्ठ्यांचा वाटू लागला.

शाळेने खात्याकडे अर्ज केला की पुलाच्या कठड्यावर आवाज अडवणारी भिंत उभारा. खात्याचा नियम साधा. शाळेच्या आवारात तीन दिवस मोजायचं. सरासरी पासष्टच्या वर गेली तर भिंत मंजूर, नाहीतर नाही. मीटरबाईंनी साहेबांना आधीच सांगितलं, "तिथे माझी नणंद शिकवते. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "आणि बाई, मीटरला नणंद नसते."

बाई गेल्या. तीन दिवस मोजलं. सरासरी आली सहासष्ट पूर्णांक सात. भिंत मंजूर झाली. ती बातमी घरी सांगितली त्या संध्याकाळी ताईंनी गठ्ठ्यातला कागद ओढला, बराच वेळ पेन धरून बसल्या आणि मग चिठ्ठी भावजयीच्या ताटाशेजारी सरकवली. "वहिनी, तू केलंस." वीस वर्षांतलं ते पहिलं कौतुक. बाईंनी ती चिठ्ठी मीटरच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या खिशात जपून ठेवली.

आठवड्याने शाळेतून एक गुंडाळी आली. तिसरीच्या मुलांनी मीटरबाईंचे आभार मानायला चित्रं काढली होती. एकात बाईंना चार हात होते. एकात मीटर घराएवढा आणि बाई मुंगीएवढ्या. बाई खूप हसल्या. तिसरं चित्र तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं होतं. त्या मुलीची नजर बारीक. तिने स्टँडचे तीन पाय काढले होते, माइकवरचा काळा स्पंजाचा गोळा काढला होता, वर्गाची खिडकी, खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं फडकं, आणि त्या खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला चिकटून, मीटर.

बाईंचं हसू थांबलं. लहान मूल आहे, मागचंपुढचं काढता येत नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण फडकं खरं होतं, स्पंज खरा होता, तर जागा तेवढी खोटी कशी असेल? मग आठवलं. पहिल्या सकाळी स्टँड पटांगणात, मोकळ्यावरच लावला होता आणि अर्जात लिहिलं होतं, "भिंतीपासून अंतर साडेतीन मीटर." मधल्या सुटीत मुलांचा चेंडू सणसणत आला आणि स्टँडच्या पायाला लागला. सुटी संपेपर्यंत म्हणून त्यांनी तो उचलून खिडकीखाली ठेवला, आणि तो तिथेच राहिला. तीन दिवस! शिंकेची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी ही नोंद केली नव्हती.

भिंतीशी एवढं काय अडतं, असं कुणालाही वाटेल. न्हाणीघरात गाणाऱ्याला आपला गळा मोठा वाटतो, तसंच ते. भिंतीजवळच्या मीटरला रस्त्यावरून आलेला आवाज ऐकू येतो आणि तोच आवाज भिंतीवर आपटून परत येताना पुन्हा ऐकू येतो. आकडा जवळजवळ तीनने फुगतो. सहासष्टमधून तीन गेले की पासष्टच्या खाली.

दोन दिवस त्या गप्प राहिल्या. हे लपवण्यासारखं काही नाही, त्यांना मोह झाला होता. खोटं थोडंच बोलायचं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. भिंत होईल, ताईंचा घसा वाचेल, मुलं सुखाने शिकतील, यात कुणाचं काय जाणार होतं? कोण तपासायला येणार होतं? कुणीच नाही. आणि हे "कुणीच नाही" मनात आलं, तसं त्यांना त्याचा पुढचा भाग आठवला. तो त्यांचाच होता, हजारदा साहेबांना ऐकवलेला. आपल्याच बोलण्यात असं सापडण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ते चित्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीनच तर आहेत. कुणाच्या कानाला कळणार?"

"साहेब, तीन डेसिबल म्हणजे रस्त्यावर दुप्पट गाड्या. तेवढ्या गाड्या मी माझ्या मनाने पुलावर सोडल्यात."

"बाई, मीटरला नणंद नसते असं मी म्हणालो होतो. तुम्हाला आहे. नीट विचार करा."

"दोन दिवस तेच केलं," बाई म्हणाल्या. "मला परत मोजायला जाऊ द्या."

या वेळी त्यांनी टेप लावून अंतर घेतलं, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि तीन दिवस जागच्या हलल्या नाहीत. चेंडू आला की स्वतः आडव्या उभ्या राहिल्या. सरासरी आली त्रेसष्ट पूर्णांक नऊ. भिंतीची मंजुरी रद्द झाली.

घरी त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवायला बसल्यावर. नवऱ्याचा घास हातात राहिला. ताईंनी कागदाकडे हात नेला आणि मागे घेतला. डॉक्टरांचा हुकूम मोडून त्या बोलल्या, आणि तो फाटका, घोगरा आवाज ऐकवत नव्हता.

"माझा घसा तुझ्या मीटरला दिसत नाही का गं?"

"दिसतो, ताई. पण चुकीच्या आकड्यावर उभी केलेली भिंत—"

"उभी तर राहिली असती!" ताई म्हणाल्या आणि पानावरून उठल्या.

त्यानंतर चिठ्ठ्या चालू राहिल्या, पण भावजयीला नाही. "वहिनीला सांग, मीठ जास्त." "वहिनीला विचार, साबण कुठे." तिघं एकाच टेबलाशी, हाताच्या अंतरावर. नवरा बिचारा चिठ्ठी वाचायचा, उजवीकडे वळून सांगायचा, डावीकडे वळून उत्तर द्यायचा. "मी सायकली दुरुस्त करणारा माणूस," तो एकदा वैतागून म्हणाला, "मला टपालखात्यात कशाला भरती केलंत?" कुणी हसलं नाही.

मीटरबाई मनातून खचल्या होत्या. आपण बरोबर केलं याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि तरी ताईंकडे मान वर करून बघवत नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या सुटीत त्या दुसऱ्या मोजणीचे कागद काढून बसत. आकडे पाठ झाले होते, म्हणून एका दुपारी त्यांनी शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला. त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता. "धाड." "धाड." "धाड." पूल मधूनच वाजायचा, तसा त्यांनी तो लिहून टाकला होता. त्यांनी मोजले. तासाला सदतीस. प्रत्येक धाड जेमतेम अर्ध्या सेकंदाची, पण ब्याऐंशीपर्यंत जाणारी. आणि सरासरीत तिचा मागमूस नाही. सरासरीचा स्वभावच तसा. तासात सदतीस वेळा टाचणी टोचली तरी ती सांगणार, बाकी तास बरा गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन ताईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बावीस वर्षं त्या आवाज बाहेरून मोजत आल्या होत्या. आत बसून तो सोसणं त्यांच्या कामात कधी आलंच नव्हतं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मुलं कासवाचा धडा वाचत होती. ताई अर्ध्या आवाजात अर्थ सांगत होत्या. तेवढ्यात धाड! ताईंनी तर्जनी वर केली. अठ्ठावीस मुलांनी एकदम वाचन थांबवलं आणि जिथे थांबली त्या शब्दावर बोट ठेवलं. आवाज विरला, ताईंनी तर्जनी खाली घेतली, वाचन पुढे सुरू. दीड मिनिटाने पुन्हा धाड, पुन्हा बोटं. पूर्वी ताई "बोट ठेवा" असं म्हणत. आता तेवढेही शब्द वाचवायचे होते. बाईंनी शेजारच्या मुलाचं पुस्तक चाळलं. प्रत्येक पानावर, ओळींच्या मधोमध, बोटांचे काळे ठिपके. सहा वर्षं मुलांनी या शाळेत प्रत्येक धडा असा तुकड्यातुकड्यांनी वाचला होता, आणि त्यांना वाटत होतं वाचन असंच असतं.

तासाभराने बाईंचंच डोकं भणभणलं. ताईंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. बाई उठल्या त्या थेट पुलाखाली गेल्या.

तिथे मीटर लागलाही नाही. पुलाचे दोन तुकडे जिथे जुळतात त्या तिसऱ्या सांध्यावरून, डाव्या बाजूने, जड गाडी गेली की धाड. मोटार गेली तर नाही, उजव्या बाजूने गेली तर नाही. खात्री म्हणून त्यांनी वर पदपथावर जाऊन कानानेच मोजलं आणि खाली येऊन मोजलं. वर एकाहत्तर, खाली अठ्ठ्याऐंशी. आवाज सांध्याच्या फटीतून खाली पडत होता आणि खालून सरळ शाळेच्या पटांगणात जात होता. भिंत उभी राहणार होती वर, कठड्यावर. ती झाली असती, समारंभ झाला असता, ताईंनी समाधानाने वर्ग सुरू केला असता आणि आवाज तिच्या पायाखालून तसाच येत राहिला असता. बाई खांबाला टेकून खालीच बसल्या. हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

पुलाच्या देखभालीचा मुकादम जवळच पत्र्याच्या खोलीत असे. जाड मिशांचा, अंगाने आडवा माणूस.

"बाई, पूल आहे तो," तो म्हणाला. "उन्हात फुगतो, म्हणून सांधे ठेवावे लागतात. थोडा वाजायचाच."

"थोडा म्हणजे किती, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"आकडे नका दाखवू. आकड्यांनी माझं डोकं उठतं."

बाईंनी कागद पिशवीत ठेवले. हा माणूस त्यांना एकदम आवडून गेला. "मग नाही दाखवत. अर्धा तास माझ्याबरोबर येऊन बसाल?"

मुकादम शेवटच्या बाकावर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले आणि मुलं खुदखुदली. ताईंच्या कपाळावर आठी पडली, पण वर्गात आलेल्याला पुस्तक द्यायचं हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी त्याच्या पुढ्यात पुस्तक ठेवलं. पहिली धाड झाली तेव्हा तो दचकला. दुसरी झाली तेव्हा ओळ चुकला. चौथीला त्याने शेजारच्या मुलीकडे बघून आपलं जाडजूड बोट शब्दावर ठेवलं. अर्ध्या तासात अठरा वेळा ठेवलं. बाहेर आल्यावर त्याने कपाळ पुसलं.

"एक पान झालं नाही हो माझं," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "मी रोज त्या सांध्यावरून जातो. मला वाटायचं, माझ्या गाडीचंच काहीतरी वाजतंय."

त्याच दुपारी तो शिडी लावून सांध्याखाली चढला. लोखंडी पट्टीच्या बारापैकी चार बोल्टांचे तुकडे पडले होते आणि खालचं रबर जुन्या चपलेसारखं झिजलं होतं. पुढच्या शनिवार-रविवारी डावी बाजू बंद ठेवून त्याने रबर बदललं, नवे बोल्ट आवळले, आणि रविवारी संध्याकाळी स्वतः लादलेला ट्रक त्यावरून तीनदा नेऊन बघितला.

मीटरबाईंनी घरात हे कुणाला सांगितलं नाही. एकदा सांगून परत घेण्याची वेळ आली होती. आता सांगायचं ते मोजूनच, असा त्यांनी कानाला खडा लावला होता. सोमवारी सकाळी डबी लावली, चौऱ्याण्णव म्हटलं, साहेबांचा नमस्कार घेतला आणि त्या शाळेत गेल्या. टेपने साडेतीन मीटर मोजले. स्टँड लावला. मीटर सुरू केला. चार पावलं मागे जाऊन वही उघडली.

सरासरी त्रेसष्टच्या आसपासच राहिली. मीटरला फारसं काही कळलं नव्हतं.

खिडकीतून वर्ग दिसत होता. कासवाचा धडा अजून चालूच होता. पुलावर लांबून एक मोठा ट्रक येताना दिसला. ताईंनी सवयीने तर्जनी वर केली. अठ्ठावीस बोटं पानांवर टेकली. ट्रक सांध्यावर आला, घरघरत पुढे गेला, दिसेनासा झाला. काही वाजलं नाही. ताईंची तर्जनी तशीच वर. मुलं खाली मान घालून, बोट ठेवून वाट बघत होती. बराच वेळ गेला. शेवटी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, बोट काढू?"

ताई खिडकीपाशी आल्या. आणखी एक ट्रक गेला. त्यांनी पुलाकडे पाहिलं, मग खाली पटांगणात, खडूच्या खुणेवर उभ्या असलेल्या मीटरकडे, मग चार पावलं मागे वही घेऊन उभ्या असलेल्या भावजयीकडे. त्या परत वळल्या, पुस्तक घेतलं आणि स्वतः वाचायला लागल्या. अर्ध्या आवाजात, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. कासव वाळूतून निघालं तिथून ते समुद्रात शिरलं तिथपर्यंत, एकदाही न थांबता, अख्खं पान. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करून ऐकत होती. आपल्या टीचरचा आवाज एवढा गोड आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पान संपलं. ताई पुन्हा खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती.

"वहिनी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "सावलीत ये गं. किती वेळ उभी आहेस."

एवढ्या हळू बोललेलं ते साडेतीन मीटर आणि वर चार पावलं ओलांडून आलं, एकही अक्षर न सांडता. मीटरबाईंनी उत्तर दिलं नाही. मोजणी चालू असताना बोलायचं नसतं. त्यांनी खिशातला रुमाल तोंडावर दाबून धरला, पण उपयोग झाला नाही. मीटरचा आकडा हलला.

त्यांनी घड्याळ बघितलं आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं, "अकरा वाजून बेचाळीस. मोजणाऱ्याला हुंदका. एक मिनिट बाद."

मग थोडं थांबून त्यांनी "एक" खोडलं आणि "चार" केलं.